खड्ड्यावरचं मशीन

उन्हाळ्यात आमच्या घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे बाबांच्या मागाचा खड्डा. माग म्हटलं की लोकांना जमिनीवर उभं काहीतरी दिसतं. आमच्या कोष्ट्यांचा माग निम्मा जमिनीखाली असायचा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसणार, पाय खाली सोडणार आणि तळाशी बांधलेल्या लाकडी पावड्या एकेका पायाने दाबत राहणार. पावडी दाबली की सूत उघडतं, त्यातून धोटा इकडून तिकडे पळतो, आणि मग वरून लोंबणारा जड हात्या पुढे ओढून धागा ठोकायचा. टक्-टक्-धप. या आवाजात मी जेवले, झोपले, पाढे पाठ केले. घरभर सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास असायचा, आई दाराशी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असायची, आणि चुलीवर आंबाडीची भाजी रटरटत असायची. खड्ड्यात कायम ओल ठेवायचे, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. वैशाखात बाहेर डांबर पातळ व्हायचं, पण त्या खड्ड्यात पाय सोडले की पोटऱ्यांना गारवा चढायचा. दह्याचं गाडगंही आम्ही तिथेच ठेवायचो.

तो खड्डा एकट्या बाबांचा नव्हता. आजोबांनी दोन मुलांसाठी एकच लांबलचक खड्डा खणला होता, शेजारी शेजारी दोन माग बसतील असा. पुढे बाबा आणि काका वेगळे झाले, घराच्या मधून भिंत उठली. भिंत उठली ती जमिनीवर. जमिनीखाली भिंत बांधायचं कुणाच्या डोक्यात येतं? तिथे पत्र्याचा एक टीन उभा केला, दोन घमेली माती लोटली, झाली वाटणी. अर्धा खड्डा आमचा, अर्धा काकांचा. काकांची पोरं नोकरीला लागल्यावर त्यांनी आपला माग काढून टाकला होता. बाबा मात्र शेवटच्या आजारापर्यंत विणत राहिले.

बाबा गेले आणि तेरवीचं जेवण उठतं न उठतं तोच काका दोन माणसं घेऊन आले. "वयनी, मेलेल्याचा माग घरात ठेवू नये. नजर राह्यते त्याच्यात. मी विकून टाकतो," म्हणाले. आई पदर तोंडाला लावून बसली होती, तिने मान हलवली. मी दारात आडवी उभी राहिले. "कोणाले विकता? भाव तं सांगा." काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू गप बस वं. पोरीची जात अन् भाव करून राहिली." माग गेला. पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, उमरेडच्या एकाने नेला. त्यानंतर त्यांच्या घराची पायरी मी एकदाच चढले. भाव केल्याशिवाय माझ्या घरातून गेलेली ती पहिली आणि शेवटची वस्तू. पुढच्या आयुष्यात नागपूरच्या सीताबर्डीवर दुकान टाकलं, भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडला, पण त्या दारातला राग काही उतरला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आईने खड्ड्यावर जाड सागवानी फळ्या टाकल्या, त्यावर सतरंजी. बुजवायचं नाव काढलं की ती उठून चुलीकडे जायची.

मी तेव्हा धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले होते. क्लासच्या सरांना संत्रा बागायतदारांच्या एका संघाचं काम मिळालं: गावोगावचे सभासद, त्यांची झाडं, त्यांची विहीर, सगळं मशीनमध्ये भरायचं. क्लासमध्ये पोरांची गर्दी, मशीन मोकळं मिळायचं नाही. मी सरांना म्हटलं, एक मशीन माझ्या घरी ठेवा, पहाटेपासून बसते, तुमचा एक पगार वाचतो. सर हसले. मी हसले नाही. चार वेळा गेले, चार वेळा नाही म्हणाले, पाचव्यांदा हो म्हणाले. अट एकच: पावसाळ्याआधी काम पूर्ण, नाहीतर मशीन परत आणि कामही परत. दुसरीकडे उमरेडच्या मामाने माझ्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलाचं किराणा दुकान होतं आणि त्याला शिकलेली बायको नको होती. आईने मामाला सांगितलं होतं, "पोरीचं काम नाही लागलं तं पाहू." म्हणजे ते मशीन माझ्या घरात होतं तोवर मी माझी होते.

सायकल रिक्षातून, मांडीवर धरून मी ते आणलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि आत एक हार्ड डिस्क. तिच्यात भरलेलं वीज गेली तरी पुसलं जात नाही, याचं आख्ख्या मोहल्ल्याला नवल. सर बजावून गेले, "शोभा, याला उष्णता चालत नाही. थंड जागी ठेव." थंड जागा घरात एकच होती. फळ्यांवर मी टेबल मांडलं आणि टेबलावर मशीन. नागपुरातल्या कोणत्याही शहाण्या माणसाने उन्हाळ्यात हेच केलं असतं.

सकाळी मशीन पळायचं. नाव टाकलं की क्षणात आत. पण दुपारची जेवणं उरकून मी परत बसले की ते जड व्हायचं. एक गाव उघडायला सांगितलं की लाल दिवा लागायचा तो लागूनच राहायचा. आतून डिस्क खरवडायची, थांबायची, परत खरवडायची, जणू एकच ओळ वाचते आहे आणि ती तिला कळत नाहीये. मी पंख्याखाली बसून त्या लाल दिव्याकडे बघत राहायचे. आणि खरवडण्याच्या खाली, अगदी खाली, आणखी एक आवाज असायचा. टक्-टक्-धप. मी कीबोर्डवरून हात उचलायचे. आवाज चालूच.

पहिल्यांदा मी आईला काही बोलले नाही. तीच एका दुपारी हातातला झाडू खाली ठेवून माझ्या मागे येऊन उभी राहिली. "काय चालू केलं वं शोभे?"

"काही नाही. मशीन हाय."

"मशीन नाही. हे तं माग बोलून राहिला."

 मी खेकसले, "आई, काहीही नको बोलू. आतली चकती फिरते, तिचा आवाज हाय." आईने वाद घातला नाही. ती खाली बसली, सतरंजी बाजूला केली, आणि फळीला कान लावून आडवी झाली. त्या दिवसापासून रोज दुपारी ती तिथेच झोपू लागली, माझ्या टेबलाच्या पायाशी, फळीवर गाल टेकून. चेहरा असा शांत की मला तिच्याकडे बघवत नसे. बाबा गेल्यापासून ती दुपारी झोपली नव्हती.

मी सरांना बोलावलं. ते स्कूटरवरून स्क्रू काढायचा पेचकस आणि फ्लॉपींचा डबा घेऊन आले. दुपार होती, मशीन कण्हत होतं. सरांनी झाकण उघडलं, धूळ फुंकली, वायर काढून परत बसवल्या. मग व्होल्टेज बघितलं. त्यांना वाटलं दुपारी गल्लीभर कूलर चालतात, व्होल्टेज पडत असेल. स्टॅबिलायझरचा काटा जागेवर होता. मग डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला. तो सगळी चकती कानाकोपऱ्यातून वाचतो आणि कुठे खराब जागा आहे ते सांगतो. आम्ही बसून राहिलो. आईने सरांना कैरीचं पन्हं दिलं. प्रोग्राम एकदा म्हणाला इथे खराब आहे. परत लावला तर म्हणाला तिथे खराब आहे, आणि आधीची जागा चांगली.

"असं नसतं," सर म्हणाले. "खराब जागा फिरत नाही. जी खराब ती खराब."

"मग?"

"मग काय, तुझी डिस्क दुपारी वामकुक्षी घेते." ते हसले, पण त्यांनी हात पटकन मागे घेतला होता, झाकणावरून. मी पाहिलं. "शोभा, हा ठोका कसला येतोय?"

आई खालून म्हणाली, "माग हाय तो." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवली.

मशीन ते धरमपेठेला घेऊन गेले. डिस्क पूर्ण पुसून, नव्याने आखून, परत सगळं भरलं. तिथे दिवसभर, भर दुपारी, ते घोड्यासारखं धावलं. परत आणलं, फळ्यांवर मांडलं, आणि दुपारी तेच. मग सरांचा सूर बदलला. मशीनमध्ये दोष नाही म्हणजे दोष माझ्यात. दुपारी मी झोपा काढते आणि मशीनचं नाव सांगते, असं त्यांनी क्लासमधल्या पोरांसमोर म्हटलं. मी तिथल्या तिथे त्यांना ऐकवलं, "तुमच्या डोयानं पाह्यलं न सर, मशीन कण्हून राहिलं ते? तवा तं हात मांगं घेतला होता." पोरं हसली. सर लाल झाले आणि म्हणाले, "सोमवारी रिक्षा पाठवतो. मशीन परत."

मधल्या दिवसांत मी मशीनला सोडलं नाही. सकाळी भरभर भरायचं आणि दुपारी त्याचा पिच्छा पुरवायचा. टेबलाचे पाय बदलले. वायर दुसऱ्या खोलीतून ओढली. मशीनवर ओला टॉवेल धरला. काहीच नाही. एका दुपारी मी हात टेकवून नुसती बसले. पेटीच्या पत्र्यातून ठोका तळहातात येत होता, आणि तो बाबांच्या मागाचाच होता हे मला कळत होतं, जसं कुणीही आपल्या घराच्या जिन्यावरचं पाऊल ओळखतं. मी भुताखेताला मानणारी बाई नाही. तेव्हाही नव्हते. पण त्या दुपारी मी मनातल्या मनात बाबांशी चक्क भांडले. म्हटलं, तुम्ही गेले, माग गेला, आता माझं मशीन काहून पकडून ठेवलं?

आणि तेवढ्यात लाइट गेले.

पडद्यावरची हिरवी अक्षरं आक्रसून एक ठिपका झाली आणि विझली. लाल दिवा गेला. डिस्क हळूहळू गुणगुणत थांबली. पंखा थांबला. गल्लीतले सगळे कूलर एकदम बंद पडले आणि अशी शांतता झाली, जशी नागपुरात वैशाखातल्या दुपारी फक्त लाइट गेल्यावर होते. कावळासुद्धा नाही. माझ्यासमोर मेलेलं मशीन, पायाशी फळीवर झोपलेली आई.

टक्-टक्-धप.

मी जागची हलले नाही. हात अजून पेटीवर होता. पेटी गार पडत चालली होती आणि तिच्यातून ठोका येतच होता.

टक्-टक्-धप.

आईचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीवरून उतरले, गुडघ्यावर बसले आणि फळीवर तळवा ठेवला. फळी ढोलाच्या कातड्यासारखी थरथरत होती. खालून. आणि खालून म्हणजे बाबांच्या बाजूने नव्हे. भिंतीच्या बाजूला हात सरकवला की थरथर वाढत होती. टिनाच्या बाजूला. काकांच्या बाजूला.

माझं डोकं असं तापलं की चपलाही घातल्या नाहीत. अंगणातली फरशी तव्यासारखी होती. काकांचं दार नुसतं लोटलेलं. मी ढकललं तशी काकू समोर आली, तोंडावर बोट ठेवून.

"हळू वं बाई. उठवू नको त्याईले."

"उठवाले काय? माग चालवून राहिले न ते! बाबाचा माग! उमरेडले विकला होता न?"

"हळू बोल, तुझ्या पाया पडते."

मी तिला बाजूला सारून मधल्या खोलीत गेले. खिडकीला गोणपाट लावलेलं होतं, डोळ्यांना आधी काही दिसेना. मग दिसला. बाबांचा माग. उजव्या खांबावर बाबांनी हात पुसून पुसून काळा केलेला पट्टा होता. खड्ड्याच्या काठावर काका बसले होते, उघडेबंब, पाय खाली. पाय चालत होते. डावा, उजवा. मग हात पुढे जाई, हात्या ओढी, धप. आणि मागावर एकही धागा नव्हता. ताणा नाही, सूत नाही, कापड नाही, धोटा नाही. हात्या हवेत येई आणि नुसत्या लाकडावर आपटे. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. काकांचे डोळे मिटलेले होते. तोंड थोडं उघडं, श्वास झोपलेल्या माणसाचा, लांब आणि सारखा. डोकं एका बाजूला कललेलं. आणि पाय चालत होते.

 शिव्या तयार होत्या. पण झोपलेल्या माणसाशी भाव कसा करणार?

काकूने माझा दंड धरून मला ओसरीवर आणलं. "विकालेच आणला होता," ती कुजबुजली. "गिऱ्हाईक आलं होतं दारात. हे म्हणे, चालते का नाही ते दाखवतो. खड्ड्यात उतरले, ते सांजेपर्यंत उठलेच नाही. गिऱ्हाईक निघून गेलं."

"मग सूत काहून नाही लावलं?"

"सूत कोण देते आता? पोरं म्हणतात, हात लावाल तं जाळून टाकू. जागेपणी हे हातच लावत नाही बापा. दुपारी तिथं गार वाटते म्हणून खड्ड्यापाशी लवंडतात अन् झोप लागली का हे असं. उठवलं तं विचारतात, मी काय करून राहिलो होतो? त्याईले ठाऊक नाही शोभा. तू सांगू नको."

आतून धप आला. आम्ही दोघीही दचकलो.

घरी आले तेव्हा लाइट आले होते. पंखा फिरत होता. आई उठून बसली होती, केस सारखे करत. मी तिच्यावर तुटून पडले. सगळं सांगितलं: काका खोटं बोलले, माग त्यांच्याकडे आहे, झोपेत आपटतात, खड्डा एक आहे म्हणून थरथर आपल्या फळ्यांत येते, डिस्क वाचणारी आतली सुई हलते, वाचलेलं चुकतं, ती परत वाचते, परत चुकतं, म्हणून मशीन मंद होतं. उद्याच समाजातली चार माणसं बोलावते आणि माग काढून आणते. "तुले वाटत होतं बाबा हायेत," मी म्हटलं. "बाबा नाही, काका हाय!"

"मी कवा म्हटलं बाबा हायेत?" आई शांतपणे म्हणाली. "मी म्हटलं, माग हाय. तुझ्या बाबाचा हात हलका होता. हा हात त्याईचा नाही, हे मले पयल्या दिवशी समजलं. लाकूड तं तेच हाय न."

"अन् सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू भांडून आणला असता. मग? इथं बसलं कोण असतं त्याच्यावर? तू?" ती उठली, पदर खोचला. "तिकडं बोलते तं बोलू दे."

म्हणजे काका खोटे, काकू लपवणारी, आणि माझी सख्खी आई त्यांच्यात सामील, सोमवारी माझं मशीन जाणार हे माहीत असून. मी त्या दिवशी जेवले नाही. आजही कुणी मला सांगतं की म्हाताऱ्या माणसांचं मन समजून घ्यावं, तेव्हा मी विचारते, माझं कुणी समजून घेतलं? कोऱ्या मागासाठी एका पोरीचं आयुष्य उमरेडच्या किराणा दुकानात जाणार होतं.

रागाच्या भरातच मी टेबल उचललं. फळ्यांवरून ओढून पश्चिमेच्या भिंतीला लावलं, जी इतकी तापायची की संध्याकाळपर्यंत तिला हात टेकवत नसे. पायांखाली आईची जुनी वाकळ चौघडी करून घातली. घरातला एकुलता एक कूलर आमच्यावरून काढून मशीनकडे वळवला. पेटीच्या आणि भिंतीच्या मध्ये हात जाईल एवढी जागा सोडली. दुसऱ्या दिवशी दुपार झाली. मी घामाने निथळत बसले आणि एक गाव उघडायला सांगितलं. ते क्षणात आलं. दुसरं सांगितलं. आलं. सगळी दुपार मशीन धावलं आणि पलीकडून टक्-टक्-धप येत राहिलं, आता नुसतं कानाला, पेटीला नाही.

सोमवारी रिक्षाच्या पुढे स्कूटरवर सर स्वतः आले. मी त्यांना भर दुपारी मशीनसमोर बसवलं. त्यांनी तपासणीचा प्रोग्राम लावला. खराब जागा नाही, एकही. "काय केलंस?" म्हणाले.

"व्होल्टेज होतं," मी सांगितलं.

"मी व्होल्टेज तपासलं होतं."

"मग तुमचं तपासणं चुकलं. पोरांसमोर मले झोपाळू म्हटलं, ते बी चुकलं. आता पुढच्या हंगामाचं काम बी याच घरात राहील, अन् पोरांसमोरच सांगाल." सर कान देऊन ऐकत होते, भिंतीकडे. मग म्हणाले, बरं, आणि पन्हं न पिता रिक्षा परत घेऊन गेले.

मशीन राहिलं. आता माग उरला होता. तो आमचा होता, आणि मी तो सोडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी समाजाच्या अध्यक्षांकडे जायला निघाले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. काकांना आठवत नसेल तर मी आठवण करून देईन, चारचौघांत, भर दिवसा. चपला घालता घालता सहज मागे पाहिलं.

आई मोकळ्या फळ्यांवर झोपली होती, गाल खाली, तोंड भिंतीकडे. झोप गाढ होती. पलीकडे माग चालू होता. लुगड्याच्या काठाखाली तिचे पाय हलत होते. डावा, उजवा. अंगठा ताठ करून दाबल्यासारखे, आणि मग एक थांबा, हात्या येईपर्यंतचा. आमच्यात बायका मागावर बसत नसत. आईने जन्मभर कांड्या भरल्या, पावडीला तिचा पाय कधी लागला नव्हता. तरी एकही ठोका चुकत नव्हता.

 मग चपला काढल्या. हाक मारून तिला उठवावं असंही वाटलं, पण उठून तीही काकांसारखंच काय विचारेल हे मला माहीत होतं. मी आत येऊन मशीन सुरू केलं, राहिलेलं गाव उघडलं आणि पहिलं नाव टाकलं. काही नावं झाल्यावर टेबलाखाली पाहिलं, आणि दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, मांडी घालून घट्ट. काम संपेपर्यंत मी तशीच बसत गेले.